जुन्या लॅपटॉपचा पासवर्ड विसरलात? फॉरमॅट मारायच्या आधी या चुका टाळा

जुना लॅपटॉप कपाटातून बाहेर निघतो तो हौसेनं नव्हे, गरज पडली म्हणून. लेकीच्या लग्नाचे फोटो हवे असतात, मुलाचा प्रोजेक्ट त्यात राहिलेला असतो, नाहीतर जीएसटीची नोटीस आलेली असते. आपल्या सोलापुरात हे तिसरं कारण फार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे कारखाने, हिशेब टॅली या सॉफ्टवेअरमध्ये, आणि टॅली ज्या लॅपटॉपवर त्याचा पासवर्ड अकाउंटंटच्या डोक्यात. अकाउंटंट पुण्याला गेला, लॅपटॉप कपाटात गेला. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, त्यामुळे ते कपाट कधीही उघडायची वेळ येते.

मग लॅपटॉप दुकानात जातो आणि ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "मालक, फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जावा." संध्याकाळी लॅपटॉप चकाचक मिळतो आणि ज्यासाठी नेला होता नेमकं तेच त्यातून गेलेलं असतं. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी स्वतःशी ठरवा: आपल्याला लॅपटॉप चालू करून पाहिजे, की आतला डेटा पाहिजे? ही दोन वेगळी कामं आहेत.

चार्जर लावायची घाई

वर्षानुवर्षं पडून राहिलेली बॅटरी कधीकधी फुगलेली असते. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगत असेल, टचपॅड वर आलं असेल किंवा तळ फुगीर दिसत असेल तर चार्जर लावू नका, आधी बॅटरी काढून घ्या.

पासवर्ड चुकीचाच आहे असं धरून चालणं

पुष्कळदा पासवर्ड बरोबर असतो, कीबोर्ड चुकीचं टाइप करत असतो. जुन्या छोट्या लॅपटॉपला वेगळा नंबरपॅड नसायचा, तो अक्षरांच्याच बटणांत बसवलेला असायचा. नम लॉक चालू राहिला की ओ दाबल्यावर ६ उमटतो, एम दाबल्यावर ०, के दाबल्यावर २. 'ओमकार' असा साधा पासवर्ड इंग्रजीत टाकायला गेलात तर आत जातं '६०२एआर', आणि तुम्हाला दिसतात फक्त पाच ठिपके. पासवर्डच्या चौकटीत उजवीकडे डोळ्याचं चिन्ह असेल तर ते दाबून धरा, काय उमटलं ते दिसेल.

तसंच कॅप्स लॉक बघा. मराठी कीबोर्ड बसवलेला असेल तर खाली उजव्या कोपऱ्यात भाषा कोणती आहे ते बघा. यंत्रमागाशेजारच्या ऑफिसातला लॅपटॉप असेल तर बटणांखाली सुताची धूळ साचून एखादं बटण मेलेलंही असू शकतं. त्यावर यूएसबीचा दुसरा कीबोर्ड लावून बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

मात्र अंदाजपंचे पासवर्ड मारत बसू नका. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत दहा चुकांनंतर खातं दहा मिनिटं बंद होतं. पिन सारखा चुकला तर 'ए१बी२सी३' असं टाइप करायला सांगतात. तो व्हायरस नाही. बटणं चुकून दाबली जात नाहीयेत ना, एवढंच विंडोज तपासतंय.

कुठला पासवर्ड आहे हेच न बघणं

सगळा घोळ इथे होतो. विंडोजचं चिन्ह यायच्या आधीच काळ्या पडद्यावर पासवर्ड मागितला तर तो बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रॅमचा. त्याला विंडोजचे कुठलेच उपाय चालत नाहीत. 'आतला बटण-सेल काढला की पासवर्ड जातो' ही जुन्या डेस्कटॉपच्या काळातली गोष्ट. बहुतेक लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, सेल काढून काही होत नाही. खरेदीचं बिल घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाणं हाच सरळ रस्ता.

विंडोजच्या पडद्यावर अडलात तर एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका आणि येणारा संदेश नीट वाचा. त्यात मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा उल्लेख आला तर पासवर्ड इंटरनेटवरच्या खात्याचा आहे. 'रीसेट पासवर्ड' येऊन प्रश्न विचारले गेले तर खातं त्या लॅपटॉपपुरतंच आहे. पिन या दोन्हींपेक्षा वेगळा असतो. 'साइन-इन ऑप्शन्स' दाबलं की पिनऐवजी पासवर्डची चौकट मिळते.

मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर मोबाइलवरून पासवर्ड बदलता येतो. पण इथे एक गंमत आहे. लोक मोबाइलवर नवा पासवर्ड लावतात, लॅपटॉपवर टाकतात, आणि तो म्हणतो चूक. कारण लॅपटॉपला इंटरनेटच नसतं. त्याला घरातला नवा वायफाय माहीत नाही, आणि इंटरनेट मिळेपर्यंत तो त्याच्यावर शेवटचा वापरलेला पासवर्डच मानतो. लॉगिनच्या पडद्यावरच खाली उजवीकडे वायफायचं चिन्ह असतं, तिथून मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. हॉटस्पॉट दिसत नसेल तर मोबाइलमध्ये तो २.४ गिगाहर्ट्झवर करा, कित्येक जुन्या लॅपटॉपना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. जोडूनही अडलं तर तारीख बघा. बटण-सेल संपला की लॅपटॉप काही वर्षं मागे जातो आणि सुरक्षित जोडणी होत नाही.

ओटीपी जुन्या नंबरवर जात असेल तर वेळीच थांबा. बंद पडलेला नंबर काही काळानं दुसऱ्याला दिला जातो. मायक्रोसॉफ्टचा रिकव्हरी फॉर्म भरता येतो, पण टू-स्टेप (पासवर्डशिवाय दुसरी खात्रीही मागणारी सोय) चालू असेल तर तो फॉर्म चालत नाही. सगळी जुनी माहिती बदलून नवा नंबर टाकला तर ३० दिवस थांबावं लागतं. आणि जे खातं दोन वर्षं उघडलेलंच नाही, ते बंदही झालेलं असू शकतं.

लॅपटॉपपुरतं खातं असेल तर विंडोज १० च्या १८०३ आणि पुढच्या आवृत्त्यांत तीन सुरक्षा प्रश्न असतात. जन्मगावाचा प्रश्न आपल्याकडे हमखास फसवतो. वडीलधाऱ्यांनी भरलं असेल तर 'सोलापूर'च्या स्पेलिंगमध्ये एस नंतर एच घालून बघा, जुनी मंडळी तसंच लिहायची. विंडोज ७ ला हे प्रश्न नाहीत. तिथे आधी करून ठेवलेली रीसेट डिस्क लागते, आणि ती करून ठेवणारा माणूस पासवर्ड विसरत नाही.

त्याच लॅपटॉपवर दुसरं अ‍ॅडमिन खातं असेल तर त्यातून पासवर्ड बदलता येतो. फक्त असा जबरदस्तीनं बदलला की ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि विंडोजनं एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेल्या फाइल्स हातच्या जातात.

डेटा काढायच्या आधी रीसेट करणं

लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं की 'रीसेट धिस पीसी' मिळतं. पासवर्ड माहीत नसताना तो लॅपटॉप कोरा करायचाच रस्ता समजा. डेटा हवा असेल तर हार्ड डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) घाला आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. परवानगी मागणारी चौकट आली तर 'कंटिन्यू' दाबा. 'डिस्क फॉरमॅट करावी लागेल' अशी चौकट आली तर 'कॅन्सल'.

कॉपी करताना दुकानदार डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उचलतो आणि काम झालं म्हणतो. टॅली ईआरपी ९ चा डेटा मात्र सहसा सी ड्राइव्हच्या 'यूजर्स'मधल्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये, टॅलीच्या 'डेटा'खाली असतो, १०००० अशा आकड्यांच्या नावाच्या फोल्डरांत. आख्खा 'डेटा' फोल्डर घ्यायला सांगा आणि दुसऱ्या टॅलीत कंपनी उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर लॅपटॉप पहिल्यांदा सुरू झाला त्याच्या खात्यात सापडू शकते. म्हणजे तुमच्या नाही, कदाचित त्या पुण्याला गेलेल्या अकाउंटंटच्या. त्याला फोन करा. रिकव्हरी की नसेल तर कुणी कितीही छातीठोकपणे सांगो, डेटा निघत नाही.

गुगलवर हेल्पलाइन शोधणं

शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर' नंबरवर फोन करू नका. मोबाइलवर स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाकायला लावतात आणि बँकेचं खातं रिकामं होतं. तसं घडलंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनला कळवा. फुकटची पासवर्ड तोडणारी सॉफ्टवेअरंही अशीच, त्यांतून व्हायरस येण्याची शक्यता जास्त.

दुकानात द्यायचाच असेल तर

पावतीवर 'डेटा पाहिजे, फॉरमॅट करू नये' असं लिहून घ्या. लॅपटॉप पुढे वापरायचा असेल तर सरळ नवी एसएसडी (वेगवान डिस्क) टाका आणि जुनी डिस्क परत मागून घ्या. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० ला संपले आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला, तेव्हा उघडलेल्या जुन्या लॅपटॉपवर नेट बँकिंग करू नका. फाइल्स काढून घ्यायला तो पुरेसा आहे.