ठाण्याहून वेल्सच्या गावात: मुलांसाठी द्वैभाषिक माध्यमिक शाळा कशी निवडावी

ठाणे आणि नवी मुंबईतून परिचारिका व डॉक्टर नोकरीसाठी ब्रिटनला जातात, यात आता नवल राहिलेले नाही. मात्र नेमणूकपत्र लंडनऐवजी वेल्सच्या पश्चिमेकडील एखाद्या लहान गावचे निघाले, की मुलांच्या शाळेचा प्रश्न वेगळेच वळण घेतो, कारण तिथे फळ्यावर इंग्रजीइतकीच वेल्श भाषाही असते. माझी धाकटी बहीण नेरूळचे बिऱ्हाड आवरून तिकडे गेली, तेव्हा तिच्यासोबत अकरा वर्षांची मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा होता. मी ठाण्यातल्या एका सेमी इंग्रजी शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवले असल्यामुळे शाळा शोधण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. त्या वेळी जे उशिरा कळले, ते इतरांना वेळेवर कळावे म्हणून हे टिपण.

सर्वप्रथम आपल्याकडच्या सेमी इंग्रजीची कल्पना डोक्यातून बाजूला ठेवावी. आपल्याकडे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व उरलेले विषय मराठीतून, अशी सरळ वाटणी असते. वेल्समध्ये 'द्वैभाषिक शाळा' या एकाच नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या व्यवस्था नांदतात. एखाद्या शाळेत एकाच इयत्तेच्या वेल्श व इंग्रजी अशा स्वतंत्र तुकड्या असतात. दुसरीकडे एकाच तासाला शिक्षक दोन्ही भाषा वापरतात. तिसऱ्या ठिकाणी इतिहास-भूगोल वेल्शमधून सर्वांनाच घ्यावा लागतो, पण विज्ञानासाठी भाषा निवडता येते. 2007 साली तिथल्या सरकारने अशा शाळांचे प्रकार ठरवून त्यांना 2अ, 2ब या धर्तीवर चार चिन्हे दिली होती आणि त्यांतले चौथे चिन्ह '2ख' असे होते, कारण सी आणि एच मिळून होणारा 'ख' हे वेल्श वर्णमालेतले स्वतंत्र अक्षर आहे. पुढे 2021 मध्ये ही वर्गवारी बदलली, आणि 2025 च्या कायद्याने मुख्यतः वेल्श, दुहेरी भाषेच्या आणि मुख्यतः इंग्रजी पण अंशतः वेल्श असे तीन प्रकार ठरवले. जुने माहितीपत्रक आणि नवे संकेतस्थळ यांत वेगवेगळी नावे दिसली, तर गोंधळून जाण्याचे कारण नाही.

वेल्श अजिबात नको, असा पर्याय मात्र कुठेच नाही, हे पालकांनी आधीच मनाशी पक्के करावे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या प्रत्येक शाळेत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेतसुद्धा, सोळाव्या वर्षापर्यंत वेल्श हा विषय सक्तीचा आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो वेल्श केवळ विषय म्हणून शिकायची की तिच्यातून इतर विषय शिकायचे, एवढाच.

याचे उत्तर मुलाच्या वयावर अवलंबून असते. 31 ऑगस्टपर्यंत अकरा वर्षे पूर्ण झालेले मूल सप्टेंबरमध्ये माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गात, म्हणजे त्यांच्या सातव्या इयत्तेत बसते. ती साधारण आपली सहावी. त्यांची अकरावी म्हणजे आपली दहावी, आणि तिच्या अखेरीस सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षा होते. या परीक्षेचा अभ्यासक्रम त्यांची दहावी आणि अकरावी अशी दोन वर्षे चालतो. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे आहे, की मूल सातवी किंवा आठवीत दाखल होणार असेल, तर वेल्श तुकडीचा धीटपणे विचार करावा. नववीत असेल तर शाळेशी सविस्तर बोलल्याशिवाय ठरवू नये. आणि दहावीत थेट प्रवेश घ्यायचा असेल, तर ज्या विषयांची परीक्षा द्यायची ते विषय इंग्रजीतूनच घ्यावेत. बहिणीने मुलीला वेल्श तुकडीत आणि मुलाला इंग्रजी तुकडीत घातले, तेव्हा आमच्या नातेवाइकांना तो भेदभाव वाटला होता. प्रत्यक्षात दोघांच्या हातात असलेली वर्षे वेगळी होती, एवढेच त्यामागचे कारण.

शाळा निवडताना केवळ प्रकाराचे नाव किंवा संकेतस्थळावरची हसरी छायाचित्रे पाहून भागत नाही. शाळेला ईमेल पाठवून, मूल ज्या इयत्तेत बसणार त्या इयत्तेचा प्रत्येक विषय कोणत्या भाषेतून शिकवला जातो, हे लेखी मागवावे. आम्ही एका कागदावर डाव्या बाजूला गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल, धर्म आणि मूल्ये, तंत्रज्ञान, संगीत, कला, खेळ असे विषय उतरवले आणि समोर तीन रकाने आखले: शिकवण्याची भाषा, पाठ्यसाहित्याची भाषा, परीक्षेची भाषा. दोन शाळांकडून हे रकाने भरून आले तेव्हाच खरा फरक उमगला. एका शाळेत विज्ञान 'दोन्ही भाषांतून' होते, पण टिपणे फक्त वेल्शमध्ये मिळत होती. जीसीएसईच्या बहुतेक विषयांच्या प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत निघतात आणि वेल्शमधून दिलेल्या परीक्षेचे मोल कमी धरले जात नाही, तेव्हा त्या भीतीने वेल्श तुकडी नाकारू नये. शाळांची तपासणी करणाऱ्या 'एस्टिन' या संस्थेचे अहवाल इंग्रजीतही प्रसिद्ध होतात; त्यांत भाषेविषयीचा परिच्छेद आधी वाचावा, कारण मुले मधल्या सुट्टीत आपसात कोणती भाषा बोलतात, हे बहुधा तिथेच कळते.

आता घराविषयी, कारण आमची फसगत तिथे झाली. आपल्याकडे आधी घर, मग जवळची शाळा असा क्रम असतो, आणि ठाण्यात रिक्षा किंवा स्कूलबसने बाकीचे निभावते. बहिणीने एका ओळखीच्या सांगण्यावरून दरीतल्या छानशा गावात घर भाड्याने घेतले. मग लक्षात आले, की जवळची शाळा जवळजवळ पूर्णपणे वेल्शमधून चालते आणि मुलाला हवी असलेली इंग्रजी तुकडी डोंगरापलीकडच्या गावात आहे. 2008 च्या कायद्यानुसार माध्यमिक शाळा घरापासून तीन मैल किंवा त्याहून दूर असेल, तर स्थानिक परिषद मोफत वाहतूक देते. परंतु ती जवळच्या योग्य शाळेसाठी असते. दूरची शाळा आपल्या पसंतीने घेतल्यास, भाषेच्या कारणाने ती 'योग्य' मानायची की नाही, हे परिषद आपल्या धोरणानुसार ठरवते. आमच्या परिषदेने पहिल्यांदा नकार दिला, मग अपील, मग पुन्हा कागद, आणि या सगळ्यात पहिले सत्र निम्मे सरले. तोवर बहीण रात्रपाळी संपवून मुलाला गाडीने सोडत होती. म्हणून क्रम उलटा धरावा: आधी शाळा, मग परिषदेच्या वाहतूक विभागाकडून लेखी उत्तर, आणि शेवटी भाडेकरार.

प्रवेशाचे काम त्या मानाने सोपे आहे. वेल्समध्ये बावीस स्थानिक परिषदा आहेत आणि बहुतेक शाळांचे प्रवेश परिषदेमार्फतच होतात, फी नसते. इथून निघताना शाळा सोडल्याचा दाखला, मागील दोन वर्षांच्या गुणपत्रिका, लसीकरणाची नोंद आणि जन्मदाखला यांच्या प्रती सोबत असाव्यात. गुणपत्रिका मराठीत असतील, तर त्यांचे इंग्रजी भाषांतर इथूनच करून न्यावे.

भाषेची तयारी निघण्यापूर्वी, इथे घरीच सुरू करता येते आणि ती करावीच. वेल्श लिखाण पाहून प्रथम छाती दडपते, पण देवनागरी वाचणाऱ्या मुलांच्या ते लवकर हाती लागते, कारण लिहिल्याप्रमाणे वाचायचे हा नियम तिथे इंग्रजीपेक्षा कितीतरी काटेकोर आहे. त्या लिपीतला एक एफ म्हणजे 'व', दोन एफ म्हणजे 'फ', दोन डी म्हणजे 'ध'च्या जवळचा उच्चार, आणि डब्ल्यू बहुधा 'उ'सारखा स्वर. आम्ही स्वयंपाकघराच्या दारावर ही अक्षरे देवनागरी उच्चारासह लावली होती. आकड्यांनी तर भाचीला हसूच आले: सात म्हणजे 'सैथ', तीन म्हणजे 'त्री', दहा म्हणजे 'देग', आणि दात म्हणजे 'दांत'. वेल्श ही मराठीची दूरची भावंडच, हे तिला भाषाशास्त्र न शिकवता कळले. शाळेतली संख्या मोजण्याची पद्धतही परिचयाची वाटेल. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसऐवजी 'वीस सात' आले तेव्हा इथे केवढा वाद झाला होता. वेल्शमध्ये सत्तावीसला 'दोन दहा सात' अशा अर्थाने 'दाय धेग सैथ' म्हणतात आणि मुलांना ते सोपे जाते.

खरी अडचण येते ती शब्दाच्या पहिल्या अक्षराची. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचे शेपूट बदलते, ठाणे-ठाण्यात-ठाण्याला. वेल्शमध्ये तोंड बदलते. बांगोर हे शहर, पण 'बांगोरला' म्हणताना 'ई वांगोर' आणि 'बांगोरमध्ये' म्हणताना 'अम मांगोर'. पहिल्याच आठवड्यात भाची थांब्यावर उभी राहून बसच्या पाटीवर बांगोर शोधत राहिली आणि 'वांगोर'ची बस समोरून निघून गेली. शब्दकोशात शब्द सापडत नसेल, तर पहिले अक्षर बदललेले असू शकते, एवढे एक सूत्र मुलांना आधीच शिकवून ठेवावे.

तिथे पोहोचल्यावर 'त्रोखी' हा शब्द कानावर पडेल. त्याचा मूळ अर्थ बुडवणे, भिजवणे. वेल्श न येणाऱ्या मुलांना काही काळ जवळजवळ संपूर्ण दिवस वेल्शमध्येच ठेवून भाषा शिकवायची, अशी ही व्यवस्था आहे, आणि ग्विनेध परगण्यात तिची खास केंद्रे 1980 च्या दशकापासून चालू आहेत. 2021 च्या जनगणनेत वेल्समधल्या 17.8 टक्के लोकांना वेल्श बोलता येत होते, तर ग्विनेधमध्ये हे प्रमाण सुमारे 64 टक्के होते. तेव्हा तिथे ही भाषा दुकानात आणि मैदानावरही लागते. आपल्या परिषदेत असे केंद्र आहे का आणि त्यात माध्यमिक वयाच्या मुलांना घेतात का, हे प्रवेशअर्जाच्या वेळीच विचारावे. पहिले काही आठवडे मूल घरी येऊन गप्प बसते, चिडते, थकलेले असते. तेवढ्यावरून तुकडी बदलण्याची घाई करू नये.

गृहपाठाच्या बाबतीत पालकांना वाटते, की आपल्याला वेल्श येत नाही, म्हणजे आपण निरुपयोगी. तसे नाही. बांगोरमधले शिक्षणतज्ज्ञ केन विल्यम्स यांनी 'त्राउसयेइथी' नावाची पद्धत मांडली: मजकूर एका भाषेत वाचायचा किंवा ऐकायचा आणि त्यावर दुसऱ्या भाषेत बोलायचे किंवा लिहायचे. दोन भाषांमध्ये अर्थ नेता आला, तरच तो समजलेला असतो, हा तिचा गाभा. घरी यात मराठी सहज बसते. भाची ज्वालामुखीचा वेल्श परिच्छेद वाचून आम्हाला व्हिडिओ कॉलवर मराठीत सांगत असे. लाव्हा आणि मॅग्मा यांतला फरक तिला मराठीत सांगता आला नाही, तेव्हा तो तिला वेल्शमध्येही कळलेला नव्हता, हे मला साडेचार हजार मैलांवरून समजले. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेचार तासांचा फरक असतो, त्यामुळे ठाण्यात आमची जेवणे उरकली की तिकडे शाळा नुकतीच सुटलेली असते. ती अर्ध्या तासाची वेळ आम्ही राखून ठेवली.

मराठी बोलल्याने मूल तिसऱ्या भाषेत मागे पडेल, असा सल्ला कुणी देत असेल, तर तो निदान वेल्समध्ये तरी मानू नये. तिथे एकोणिसाव्या शतकात वर्गात वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवली जाई आणि दिवसाखेर ज्याच्या गळ्यात ती असेल त्याला शिक्षा होई. (मराठी बोलल्याबद्दल दंड घेणाऱ्या शाळा आपल्याकडे ज्यांनी पाहिल्या, त्यांना अधिक सांगणे नको.) ही आठवण बाळगणारे शिक्षक घरच्या भाषेकडे सहसा आपुलकीने पाहतात. शिवाय 27 फेब्रुवारीला आपला मराठी भाषा गौरव दिन आणि 1 मार्चला त्यांचा संत डेव्हिडचा दिवस, ज्यानिमित्त अनेक शाळांत 'आयस्टेध्वोद' म्हणजे गाणी, कविता आणि पाठांतराच्या स्पर्धा होतात. त्या आठवड्यात मुलाला मराठी कविता म्हणू द्याल का, असे वर्गशिक्षकांना जानेवारीतच विचारावे. फेब्रुवारीत त्यांचा कार्यक्रम ठरून गेलेला असतो.

आमच्या भाचीने गेल्या वर्षी कविता म्हटली नाही. तिने फळ्यावर 'नेरूळ' लिहिले आणि साऱ्या वर्गाला 'ळ' म्हणायला लावला. तो कुणालाच धड जमला नाही. त्यावर तिच्या मैत्रिणींनी तिला त्यांचे दोन एल शिकवले: जीभ 'ल'च्या जागी टेकवायची, आवाज काढायचा नाही, कडेने फक्त हवा सोडायची. ती अजून सराव करते आहे.