प्रेक्षकाला नाटकात ओढताय? मग या चुका टाळा

हल्ली छोट्या जागेत गुडघ्याला गुडघा लागेल असे प्रयोग होतात, मग नटाने पहिल्या रांगेतल्या कुणाचा तरी हात धरायचा, खांद्यावर डोकं टेकायचं, उठवून मध्ये न्यायचं हे दिग्दर्शकाला भारी वाटतं. करा की, पण आधी विचारा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पब्लिकसमोर विचारणं. सगळे टाळ्या वाजवत "जा ना, जा ना" करतायत, नट हात पुढे करून उभा आहे, अशा वेळी नाही म्हणायला फार धीर लागतो, त्यामुळे माणूस हसत उठला म्हणजे त्याला चालतंय असं अजिबात धरू नका. त्यापेक्षा आत सोडतानाच दारावर विचारा, ज्यांना चालेल त्यांच्या मनगटाला रिबन बांधा आणि "मध्येच नकोसं वाटलं तर काढून टाका, कुणी काही बोलणार नाही" हेही तिथेच सांगा. तिसऱ्या घंटेआधी मोबाईल बंद करायला सांगतोच ना, त्यातच हे पुन्हा एकदा सांगता येतं.

दुसरं, नटाला गृहीत धरू नका. मरीना अब्रामोविच या परफॉर्मन्स आर्टिस्टने (स्वतःचं शरीर हेच माध्यम धरून लोकांसमोर प्रयोग करणारी कलाकार) १९७४ मध्ये नेपल्सला टेबलावर ७२ वस्तू मांडल्या, गुलाब, मध, कात्री, पिस्तूल आणि एक गोळीसुद्धा, आणि ६ तास माझ्यावर काहीही वापरा, जबाबदारी माझी असं जाहीर केलं. लोक आधी जपून होते, मग कपडे कापले, अंगावर ब्लेड चालवलं, शेवटी पिस्तूल तिच्यावर रोखलं गेलं तेव्हा बाकीचे प्रेक्षक मध्ये पडले. योको ओनो या जपानी कलाकाराने १९६४ मध्ये क्योटोला प्रेक्षकांच्या हातात कात्री देऊन अंगावरचे कपडे कापायला लावले, पण तिच्या सूचनांमध्ये हा खेळ कधी संपवायचा ते कलाकार ठरवणार असं होतं. तुमच्या नटीकडे ही सोय आहे का? एक खूण ठरवा, ती दिसली की लाईटवाला फुल लाईट देणार आणि स्टेज मॅनेजर विंगेतून आत येणार, आणि तालमीत हे खरंच करून बघा, टीममधल्या कुणाला तरी प्रेक्षक म्हणून बसवा आणि हात झटकायला सांगा, म्हणजे नट तिथे गांगरणार नाही.

प्रेक्षक मध्येच गप्प झाला, अंग आखडलं तर लगेच हात सोडा, एक पाऊल मागे या, "काका, बसा तुम्ही निवांत" म्हणा आणि सीन पुढे न्या, त्याच्यावर हशा काढू नका प्लीज.

आणि व्हिडिओचं वेगळं विचारा. प्रयोग संपल्यावर त्या माणसाला गाठा, क्लिप दाखवा, नको म्हणाला तर रीलमधून उडवा.