वसाहतकाळावरचा प्रकल्प: सरकारी कागद कसा वाचायचा

एम.ए.ला वसाहतकाळ शिकताना बरेच प्रकल्प एकाच जागी फसतात. इंग्रजी अहवालातलं वाक्य उचललं जातं आणि तसंच घडलं असं गृहीत धरलं जातं. कागदात काय आहे हे नंतर पाहा. तो कोणी, कोणाला, कशासाठी लिहिला हे आधी शोधा. इथे उदाहरणाला मुंबईचा 1896चा प्लेग घेतला आहे, कारण त्याची साधनं शहरातच आहेत.

विषय लहान करा. ‘मुंबईतील प्लेग’ एका सत्रात आवरत नाही. ‘ऑक्टोबर 1896मध्ये गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर का चालून गेले?’ हा प्रश्न वीस पानांत मावतो. त्यानंतर एका पानावर तारखा मांडा. सप्टेंबर 1896मध्ये डॉ. व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात रोग ओळखला, फेब्रुवारी 1897मध्ये साथरोग कायदा आला, मार्चमध्ये लष्करी अधिकारी गटाकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. हे पान नसलं की रुग्णालयावरचा हल्ला साथरोग कायद्याविरुद्ध होता असं बेधडक लिहिलं जातं. तो कायदा तेव्हा झालाच नव्हता. रुग्णांना हलवण्याचे अधिकार 1888च्या महापालिका कायद्यातून घेतले होते.

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. विभागप्रमुखांचं पत्र, ओळखपत्र आणि शिसपेन्सिल घेऊन जा. पहिला दिवस फक्त सूच्यांना द्या. दप्तरं विषयानुसार लावलेली नसून खात्यानुसार आणि वर्षानुसार लावलेली आहेत. त्यामुळे रुग्णालयाची बाब जनरल डिपार्टमेंटमध्ये, तर दंग्याची ज्युडिशियलमध्ये असू शकते. एकच खातं चाळून ‘कागद मिळाले नाहीत’ असं लिहू नका.

हाती आलेल्या प्रकरणात, म्हणजे खंडातल्या एका बाबीच्या कागदांत, सरकारी ठराव आणि त्यामागची पत्रं असतात. आधी ठराव वाचा, मग पत्रं तारखेच्या क्रमाने लावा. खालच्या अधिकाऱ्याने कळवलेलं काय ठरावात आलं आणि काय गळलं, याच्या दोन रकान्यांत नोंदी करा. गळलेलं बहुधा जास्त बोलकं असतं. ‘अज्ञान’, ‘अफवा’, ‘धर्मवेड’ असे शब्द आले की थांबा. लोक नेमके कशाला घाबरत होते हे तिथे अधिकाऱ्याने झाकलेलं असतं.

दुसरी बाजू शोधायला ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’ उघडा. देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचा हा साप्ताहिक इंग्रजी गोषवारा सरकारी भाषांतरकार सरकारसाठीच तयार करत. म्हणून त्याचा उपयोग पत्ता काढण्यापुरता करा: वृत्तपत्राचं नाव आणि अंकाची तारीख घ्या, मूळ अंकाचा शोध घ्या, आणि अवतरण मूळ मराठीतूनच द्या. गोषवाऱ्यात लेखाचा सूर हरवतो आणि सरकारला कामाचा न वाटलेला भाग सुटलेला असतो. मराठी वाचता येणाऱ्या विद्यार्थ्याने हे काम टाळणं म्हणजे हातातलं सर्वांत मोठं बळ वाया घालवणं.

आकड्यांबाबतही तीच सावधगिरी हवी. शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या 1891मध्ये 8,21,764 आणि 1901मध्ये 7,76,006 दिसते. ही घट सगळी मृत्यूंची नाही. 1901ची गणना मार्चमध्ये, साथ जोरात असताना झाली आणि असंख्य लोक कोकणात, देशावर गावी गेले होते. 1906मध्ये शहराची वेगळी गणना झाली तेव्हा आकडा पावणेदहा लाखांच्या पुढे गेला होता. मृत्यूच्या नोंदीही कमीच धराव्या लागतात, कारण घरावर कारवाई होईल या भीतीने लोक प्लेगचे मृत्यू लपवत.

संदर्भ त्याच टेबलावर लिहून घ्या: खातं, वर्ष, खंड क्रमांक, प्रकरण क्रमांक, पान, पत्राची तारीख, लिहिणारा आणि ज्याला लिहिलं तो. खंड परत केल्यावर आठवणीने भरलेला क्रमांक हमखास चुकतो, आणि प्रकरण क्रमांक नसेल तर शेकडो पानांच्या खंडातून ते पत्र परीक्षकालाही सापडत नाही, तुम्हालाही.