खेळाडू-शिक्षकाचे चरित्र कसे लिहावे

१९५०च्या सुमारास बास्केटबॉल गाजवून पुढे विदर्भातील खेड्यात गुरुजी झालेल्या व्यक्तीचे चरित्र लिहिताना आरंभ सेवापुस्तिकेपासून करावा. जन्मतारीख, नेमणूक आणि बदल्या तिथे एकत्र सापडतात. जुन्या प्रमाणपत्रावर ‘मध्यप्रदेश’ दिसल्यास ती चूक समजू नये, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ त्याच राज्यात होता आणि नंतर १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्यात. संघाच्या छायाचित्रामागची शाईतली नावे आधी उतरवून घ्यावीत. विद्यार्थ्यांची मुलाखत मात्र शाळेच्या मैदानावरच घ्यावी: दहा फूट उंचीवरची बास्केटबॉलची गंजलेली कडी दिसली, की एरवी मोजके बोलणारे (आता तेही सत्तरीचे) सरांची शिट्टी, सरांचा राग, सारेच सांगू लागतात. कापूसवेचणीच्या दिवसांत जाऊ नये. गावात कोणी भेटत नाही.