‘बनगरवाडी’वर निबंध लिहिताय? मग या चुका टाळा

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) वाचायला दोन दिवस पुरतात. तिच्यावर निबंध लिहायला बसलं की मात्र पहिल्याच वाक्याला पेन अडतं. कादंबरी समजलेली असते, तिच्याबद्दल आपलं म्हणणं काय ते ठरलेलं नसतं. या म्हणण्याला प्रतिपाद्य म्हणतात. शब्द जड आहे, पण त्याचं काम साधं: संपूर्ण निबंध ज्या एका विधानाच्या बाजूने भांडतो, ते विधान.

विषयालाच प्रतिपाद्य समजणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. ‘बनगरवाडीत माणदेशातील धनगरांच्या जीवनाचे प्रभावी चित्रण आहे.’ यावर कोण वाद घालणार? ज्याला कुणीच ‘छे, मला नाही पटत’ म्हणू शकत नाही, ते विधान सिद्ध तरी कशाला करायचं? मग जागा भरायला कथानक येतं: मास्तर वाडीत येतो, शाळेत मुलं नसतात, कारभारी मदत करतो... तीन पानं संपली तरी तुम्ही स्वतः काही बोललेला नसता. गाइडातले ‘पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, भाषाशैली’ हे मथळेही याच कामाचे. त्यांनी पानं भरतात, मुद्दा तयार होत नाही.

दुसरी चूक जरा हुशार मुलांची. ती एक ठाम विधान करतात आणि त्याच्या आड येणारे प्रसंग गाळतात. उदाहरणार्थ, ‘एका तरुण मास्तरामुळे वाडी बदलते.’ हे पहिल्या विधानापेक्षा कितीतरी बरं, कारण यावर भांडता येतं. पुरावाही आहे: मास्तरच्या पुढाकाराने गाव राबून तालीम बांधतं, उद्घाटनाला औंधचे राजेसाहेब येतात. बरेच निबंध इथेच खूश होऊन थांबतात. पण कादंबरी थांबत नाही. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरं घेऊन माणसं निघून जातात, वाडी ओस पडते आणि मास्तरलाही जावं लागतं. तालमीची इमारत उभी राहते, तिच्यात घुमणारं कुणी उरत नाही. मग ‘बदल’ कुठे गेला?

असा आडवा येणारा प्रसंग सापडला की विद्यार्थी घाबरतात. खरं तर सोनं तिथेच असतं. विधान फेकून देऊ नका, त्याला वाकवा. तालीम बांधताना दिसलेली गावाची एकजूट खरी मानली तर तिला मोडतं कोण? दादू बालट्यासारखा खोडसाळ माणूस थोडीफार मोडतो. कारभाऱ्याची मुलगी अंजी, तिच्या चोळीवरून उठलेली कुजबुज मास्तर आणि कारभाऱ्यात काही काळ अंतर पाडते. पण ही भांडणं पचवून गाव उभं राहतं. पाऊस दगा देतो तेव्हा मात्र राहत नाही. आता विधान असं होईल: ‘बनगरवाडीतली एकजूट माणसांच्या भांडणांना पुरून उरते, पण पावसापुढे टिकत नाही, म्हणून तालीम हे मास्तरच्या यशाचं नव्हे, त्याच्या मर्यादेचं चिन्ह ठरतं.’ हे कुणाकुणाला पटणार नाही, आणि ते ठीकच आहे. शेकूच्या बायकोचं प्रकरणही आता नुसतं ‘हृदयद्रावक’ म्हणून सोडता येत नाही. बैलाच्या जागी स्वतः औताला खांदा देणारी ही बाई कोणत्या ताकदीशी झुंजतेय, हे लिहावं लागतं.

छोट्या चुका भराभर सांगतो. निवेदक मास्तर म्हणजेच माडगूळकर, असं धरून लेखकाच्या चरित्रात शिरू नका. कादंबरीतल्या मास्तरला राजाराम विठ्ठल सौंदणीकर असं स्वतःचं नाव आहे. १९९५चा चित्रपट पाहून लिहाल तर पकडले जाल. ‘अजरामर’, ‘कालातीत’ हे शब्द पहिल्या परिच्छेदात आले की मी लाल पेन उघडतो.

आणि हे सगळं करूनही मुद्दा सापडत नसेल, तर कच्च्या मसुद्याचा शेवटचा परिच्छेद वाचा. लिहून लिहून दमल्यावर माणूस तिथे पहिल्यांदा खरं बोलतो. बहुतेकदा प्रतिपाद्य तिथेच सापडतं. ते उचलून वर आणा आणि पहिलं पान पुन्हा लिहा. कंटाळा येतो, माहीत आहे.