जुनी बरोलो उघडताय? मग जरा दमानं

वीसेक वर्षं जुनी बरोलो वाइन हाती लागली असेल, कुणी बाहेरून आणली असेल किंवा तुम्हीच जपून ठेवली असेल, तर प्लीज ती लगेच त्याच संध्याकाळी उघडू नका. ही उत्तर इटलीतल्या पिएमोन्तेची रेड, नेब्बिओलो द्राक्षाची, आणि नियमानुसारच ती 38 महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही, रिझर्वा (म्हणजे जास्त मुरवलेली) असेल तर 62.

आदल्या दिवशीच बाटली उभी करून ठेवा. जुन्या रेडमधला रंग आणि टॅनिन (द्राक्षातला तुरट घटक) एकत्र येऊन गाळ होतो, आडव्या बाटलीत तो कडेला पसरलेला असतो, त्याने अपाय काही नाही पण तोंडात कडवट आणि रेताड लागतो. मग उघडायच्या आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये, तीही उभीच, कारण 16 ते 18 डिग्रीला ही वाइन बोलते, आणि मुंबई-नागपूरच्या खोलीत 30 डिग्रीला नुसतं अल्कोहोल नाकात शिरतं.

जुनं बूच भुसभुशीत झालेलं असतं. स्क्रूपेक्षा दोन पात्यांचा ओपनर बरा, पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी आत सरकवायची आणि फिरवत फिरवत ओढायचं. मग बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरून डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायचं काचेचं भांडं, साधा काचेचा जगही चालतो) एका संथ धारेत ओता, गाळाची काळपट रेघ मानेपाशी दिसली की तिथेच थांबा, राहिलेल्या दोन घोटांचा मोह नको.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कड विटकरी-केशरी दिसेल, नेब्बिओलो तशी लवकरच होते, घाबरू नका. पण पार तपकिरी, मळकट रंग आणि वर व्हिनेगरचा वास असेल तर वाइन गेली.

आता वास, आणि माझ्या मते खरी मजा इथेच आहे. ग्लास न हलवता आधी घ्या. सुरुवातीला कोंदट वाटलं तर दहा-पंधरा मिनिटं द्या, बऱ्याचदा उडून जातं. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास मात्र बुचातल्या दोषाचा, तो कितीही थांबलात तरी जात नाही. बाटली चांगली असेल तर सुकलेला गुलाब, डांबर, चामडं, तंबाखू, ओली पानं, मशरूम असं एकेक पुढे येत राहतं.

छोटा घोट घ्या, हिरड्यांवर फिरवा. नेब्बिओलोचं टॅनिन मुळात जबरदस्त, तरुणपणी तोंड आवळून टाकणारं, वयाने ते मऊ होतं पण आंबटपणा टिकून असतो, लगेच तोंडाला पाणी सुटतं. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते बघा.

पहिल्या घोटावर मत बनवू नका हो! थोडी थोडी घेत तासभर बसा, काही बाटल्या वीस मिनिटांनी खुलतात तर काही तासाभरात उतरतात, म्हणूनच एवढी जुनी वाइन मी तरी तासन् तास आधी डिकँट करणार नाही. सोबत पार्मेजान चीज किंवा बटरमधले साधे मशरूम, झणझणीत काही नकोच. आणि 750 मिली चार-पाच जणांत संपवा, उरली तर दुसऱ्या दिवशी तिचा वास बहुतेक गेलेलाच असतो.