कॉलेजकडे जास्त एड मागायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

अमेरिकेतल्या कॉलेजचं ऍडमिशन लेटर आलं, घरात आनंदीआनंद झाला, आणि मग एडचं, म्हणजे कॉलेजकडून मिळणाऱ्या आर्थिक मदतीचं, पत्र उघडलं तर आकडा पुरत नाहीये. त्याच रात्री घाईघाईत मेल पाठवू नका. भाचीच्या वेळी आम्ही हे सगळं केलंय, त्यामुळे कळकळीने सांगते, आधी दोन दिवस नुसता हिशोब करा. कोऱ्या शीटवर कॉलेजचा पूर्ण वर्षाचा खर्च लिहा, म्हणजे ट्यूशन, फी, राहणं-जेवण, हेल्थ इन्शुरन्स, पुस्तकं, किरकोळ खर्च आणि विमानाचं तिकीट. यातला कॉलेज बिलात लावणार तो भाग वेगळा ठेवा आणि आपण बाहेर खर्च करणार तो वेगळा. हेल्थ इन्शुरन्सची ओळ बऱ्याच पत्रांत नसतेच, ती डॉलरमध्ये हजारांत असते आणि बहुतेक ठिकाणी सक्तीची असते, म्हणून कॉलेजच्या साइटवरून शोधून आणा.

आता पत्रातली रक्कम फोडा. ग्रँट आणि स्कॉलरशिप हे खरे पैसे, ते परत द्यायचे नसतात. कॅम्पस जॉबची रक्कम मात्र बिलातून आपोआप कमी होत नाही, ती तुम्ही वर्षभर काम करून कमावणार, आणि एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. कर्ज लिहिलं असेल तर ते एड म्हणून मोजू नका. तिथलं सरकारी कर्ज आपल्याला मिळत नाही आणि खाजगी कर्जाला बहुतेक वेळा अमेरिकेतलाच को-सायनर, म्हणजे हमी म्हणून सही करणारा, लागतो.

समजा खर्च ८४,००० डॉलर, ग्रँट ६१,०००, घरून १४,००० देता येतात, कॅम्पस जॉबमधून २,००० मिळतील, तर खड्डा ७,००० चा. हा एकच आकडा तुमच्या मेलमध्ये जायला हवा. आणि तो चार वर्षं डोळ्यासमोर ठेवून काढा, कारण फी दरवर्षी वाढते, ग्रँट वाढेलच असं नाही.

पुढची गोष्ट, मिळालेले पैसे कुठल्या जातीचे आहेत ते बघायचं. गरजेवर दिलेली एड आणि मार्क-कामगिरीवर दिलेली मेरिट स्कॉलरशिप, दोन्हींचा रस्ता वेगळा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ऍमहर्स्ट, डार्टमथ, बोडन ही कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीतही ऍडमिशन देताना पैशाची गरज बघत नाहीत आणि त्यांनी काढलेली गरज पूर्ण भागवतात, तिथे वाद असतो तो फक्त गरज किती काढली याचा. बाकीची बरीचशी कॉलेजं तुम्ही किती भरू शकता हे बघून घेतात, म्हणजे फॉर्मवर २०,००० भरू असं लिहिलं म्हणून जागा मिळाली असेल आणि आता अचानक ८,००० म्हणालात, तर मधे काय बदललं हे त्यांना विचारावंच लागतं. सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये गरजेवरचे पैसे परदेशी मुलांना बहुधा नसतातच, तिथे मेरिट नाहीतर डिपार्टमेंटची स्कॉलरशिप एवढंच विचारता येतं. आणि ऍडमिशनच्या वेळी एडचा अर्जच केला नसेल तर अनेक कॉलेजं नंतर चारही वर्षं तो घेत नाहीत, हे त्यांच्या साइटवर स्पष्ट लिहिलेलं असतं, आधी ते वाचा. फाफ्साबद्दलचे (अमेरिकन सरकारी एडचा फॉर्म) अमेरिकन मुलांसाठीचे सल्ले बाजूला ठेवा, तो फॉर्म आपल्यासाठी नाही, आपलं काम सीएसएस प्रोफाइल किंवा आयएसएफएए (परदेशी मुलांनाही चालणारे एडचे फॉर्म) किंवा कॉलेजच्या स्वतःच्या फॉर्मवर चालतं.

आता कारण. फॉर्म भरल्यानंतर बदललेलं काहीतरी लागतं, किंवा फॉर्ममध्ये चुकलेलं तरी लागतं. नोकरी गेली, पगार कापला, धंदा बसला, घरात मोठं आजारपण आलं, कमावतं माणूस गेलं, दुसरं भावंड कॉलेजला लागलं, आपलं चलन डॉलरसमोर फार घसरलं, ही सगळी धरण्यासारखी कारणं. "माझं स्वप्नातलं कॉलेज आहे" हे कारण नाही, कितीही खरं असलं तरी, कारण एड ऑफिसमधल्या माणसाला फाइलमध्ये काहीतरी लिहून ठेवावं लागतं आणि स्वप्न तिथे लिहिता येत नाही. चुकांसाठी भरलेला फॉर्म पुन्हा उघडा आणि ओळ न ओळ वाचा. चलन कुठलं निवडलं आणि आकडे कुठल्या चलनात टाकले, वर्षाच्या जागी महिन्याचं उत्पन्न पडलंय का, कर्जाची शिल्लक राहिली का, आजी-आजोबांचा औषधोपचार आपण करतो ते कुठे लिहिलंय का.

आमच्याकडे चूक सापडली ती घराच्या ओळीत. घर तीन भावांच्या नावावर, भावजींचा वाटा एक तृतीयांश, आणि फॉर्ममध्ये अख्ख्या घराची किंमत जाऊन बसलेली. कागदावर हे कुटुंब होतं त्याच्या तिप्पट मालमत्तेचं दिसत होतं. नोंदणीचा कागद, त्यातल्या वाट्याच्या ओळीचं इंग्रजी भाषांतर आणि चार ओळींचं स्पष्टीकरण, बास, एवढंच जोडलं. भाचीच्या पहिल्या मसुद्यात चार पानं होती, लहानपणापासूनचे कष्ट, सगळं, आणि ते खोटं नव्हतं हो, पण आम्ही ते काढलं आणि ग्रँट वाढली ती या घराच्या एका ओळीमुळे.

म्हणून प्रत्येक वाक्यामागे एक कागद ठेवा. नोकरी गेली तर कंपनीचं पत्र, पगार कापला तर आधीच्या आणि आताच्या पगाराच्या स्लिपा, आजारपणाला हॉस्पिटलची बिलं आणि इन्शुरन्सने किती दिलं त्याचा कागद, धंद्याला दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न. इंग्रजीत नसेल त्याला भाषांतर. प्रत्येक पीडीएफला समजेल असं नाव द्या, आणि कॉलेजचं अपलोडचं पोर्टल असेल तर तिथेच टाका, बँकेचे कागद साध्या मेलला जोडू नका.

आणि हे फार महत्त्वाचं, पुढे आय-२० साठी, म्हणजे व्हिसाला लागणाऱ्या कॉलेजच्या कागदासाठी, पहिल्या वर्षाचे पैसे कुठून येणार त्याचा पुरावा त्याच कॉलेजला द्यावा लागतो. आज १४,००० च्या वर जमत नाही म्हणालात आणि दोन महिन्यांनी खात्यात ५०,००० दाखवलेत तर ते चांगलं दिसत नाही. उलट्या बाजूनेही तेच, बाकीचे कसंतरी जमवू म्हणून कमी खड्डा सांगितला तर आय-२० आणि व्हिसाच्या वेळी तो दाखवता येत नाही. पैसे काका देणार असतील तर काकांचं नाव आणि रक्कम आत्ताच सांगा.

दुसऱ्या कॉलेजची ऑफर दाखवायची का, हा प्रश्न सगळेच विचारतात. काही कॉलेजं बघतात, काही साइटवरच लिहितात की आम्ही बरोबरी करत नाही. दाखवायचीच तर त्याच तोडीच्या कॉलेजची दाखवा आणि स्कॉलरशिपच्या आकड्याऐवजी शेवटी खिशातून किती जाणार तो आकडा लिहा. ३०,००० ची स्कॉलरशिप देऊनही महाग पडणारं कॉलेज असतं.

मेल मुलानेच लिहायचा, आईबाबांनी नाही. गरजेवरची एड असेल तर फायनान्शियल एड ऑफिसला, मेरिट असेल तर बहुतेक वेळा ऍडमिशन ऑफिसला, आणि त्याआधी पोर्टलवर अपीलचा, म्हणजे एडच्या फेरविचाराचा, फॉर्म आहे का ते बघा, असेल तर तोच भरा. एका पानाच्या आत बसवा. आधी आभार आणि इथेच यायचंय हे, खरं असेल तरच. मग काय बदललं किंवा काय चुकलं ते तारखेसकट, मग हिशोबाच्या चार ओळी, मग "७,००० डॉलरचा फरक भरून निघाला तर मी प्रवेश पक्का करू शकेन" असं सरळ वाक्य, खाली जोडलेल्या कागदांची नावं. घासाघीस वाटेल असा शब्द नको, फेरविचाराची विनंती म्हणा.

वेळेचं गणित घट्ट आहे. रेग्युलर म्हणजे नेहमीच्या मुदतीतल्या अर्जांचे निकाल बहुतेक मार्चअखेर येतात आणि उत्तर १ मेपर्यंत द्यायचं असतं, म्हणजे हातात जेमतेम चार-पाच आठवडे, त्यामुळे मेल पहिल्या आठवड्यातच जायला हवा आणि कागदांची जुळवाजुळव निकालाच्या आधीच सुरू करायला हवी. अर्ली डिसिजनने (मिळालं तर तिथेच यायचं असा बांधील अर्ज) मिळालं असेल आणि एड मागूनही शिक्षण परवडेल इतकी मिळाली नसेल तर नाही म्हणता येतं, पण आधी अपील करून बघा. उत्तर लांबलं तर १ मेच्या आधी लेखी मुदतवाढ मागा, जागा पक्की करायचं डिपॉझिट दोन कॉलेजात भरून ठेवू नका.

फोनवर बोलणं झालं तर समोर कागद घेऊन बसा. ग्रँट चारही वर्षं आहे का, किती जीपीए ठेवावा लागतो, बाहेरची स्कॉलरशिप आणली तर हे ग्रँटमधून तेवढे कापतात का, सुट्टीत हॉस्टेलचे वेगळे पैसे लागतात का. एक टॅक्सचंही विचारा, राहण्याजेवणावरच्या ग्रँटवर परदेशी मुलांना टॅक्स लागतो आणि एफ-१ वर तो साधारण १४ टक्के कापला जातो, हा खर्च बऱ्याच घरांना तिथे पोचल्यावर कळतो.

नाही असं उत्तर आलं तर एकदाच विचारा की पुढच्या वर्षी फेरविचार होतो का आणि एक वर्षाचा गॅप घेतला तर एड टिकते का. हो आलं तर फोनवरच्या शब्दावर डिपॉझिट भरू नका, सुधारलेलं पत्र पोर्टलवर दिसेपर्यंत थांबा, नवा आकडा शीटमध्ये टाकून खड्डा खरंच भरतोय का बघा आणि त्या पत्राची पीडीएफ उतरवून ठेवा.